साथीतली मूठमाती

केरळमधल्या आलप्पुळा जिल्ह्याची किनारपट्टी ही समुद्र आणि वेंबनाड सरोवर यांच्यामधली रेतीची अरुंद पट्टी आहे. नारळाच्या बागा, मासेमारांची दाट वस्ती आणि थोड्या थोड्या अंतरावर लॅटिन कॅथलिकांची चर्च असा हा प्रदेश. इथे कुठेही कुदळ मारली की काही फुटांवर पाणी लागते. एरवी दफनाला त्याची अडचण होत नाही, पण २०२० च्या जुलैमध्ये कोविडने दगावलेल्यांसाठी नियमाप्रमाणे नेहमीपेक्षा खूप खोल खड्डा घेणे भाग होते आणि तो पाण्याने भरून जात होता. जेसीबी आणून खणण्याइतकी मोकळी जागाही गावच्या दफनभूमीत नव्हती. मृतदेह थांबून राहत होते, घरचे विलगीकरणात होते आणि शेजारीपाजारी भेदरलेले होते.

२८ जुलैला आलप्पुळा धर्मप्रांताचे बिशप जेम्स राफेल आनापरंबिल यांनी एक परिपत्रक काढले. कोविडने मृत्यू पावलेल्यांचे चर्चच्याच दफनभूमीत दहन करावे आणि राख व अस्थी तिथेच कबरीत ठेवाव्यात, असा त्याचा आशय होता. त्याच सुमारास मारारीकुळम आणि काट्टूर इथल्या दोन चर्चच्या आवारात दोन मृतांचे असे अंत्यविधी झाले. पिढ्यान्‌पिढ्या दफनाशिवाय दुसरा विचार न केलेल्या समाजाने आपल्याच चर्चच्या आवारात चिता पेटलेली पाहिली. दंगा झाला नाही. कुणी मृतदेह पळवून रात्री पुरला, असेही घडले नाही.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये चेन्नईत काय झाले ते अनेकांना आठवत असेल. डॉ. सायमन हर्क्युलिस हे मेंदूविकाराचे शल्यचिकित्सक कोविडने गेले. त्यांच्या दफनाच्या वेळी जमावाने दगडफेक केली, रुग्णवाहिका फोडली आणि अखेर त्यांच्या सहकारी डॉक्टरने मध्यरात्री दुसऱ्या दफनभूमीत स्वतःच्या हाताने माती लोटून त्यांना पुरले. दोन्हीकडे आजार तोच होता आणि भीतीही तीच होती. फरकामागे पोलीस, वस्ती, अफवा, वेळ अशी कारणे असतीलच. चेन्नईत तर दगड मारणारे मृताच्या धर्मसमाजातले नव्हतेच, त्यामुळे ही दोन उदाहरणे थेट तोलता येत नाहीत. तरी आलप्पुळाच्या त्या कागदात असे काहीतरी होते जे जिल्हाधिकाऱ्यांच्या कुठल्याही आदेशात असू शकले नसते, आणि ते काय होते हे शोधणे हा या लेखाचा विषय आहे.

मनाई आणि मोकळीक

साथीच्या काळात चर्चने लोकांना नैतिक मार्गदर्शन करावे, असे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्रवचन येते. धीर धरा, एकमेकांना मदत करा, सरकारचे ऐका. हे सगळे चांगलेच आहे, पण यासाठी चर्चची गरज नाही. शाळामास्तर, नगरसेवक, दूरदर्शन हेही तेच सांगतात. साथीत माणूस ज्या नैतिक पेचात सापडतो तो याहून खोल असतो. आई गेली आणि तिला शेवटची आंघोळ घालता आली नाही. वडिलांच्या कपाळाचे चुंबन घेता आले नाही. फादर आले नाहीत, तेलाचा अभ्यंग झाला नाही, मिस्सा झाली नाही. आपण तिला टाकून दिले का? तिच्या आत्म्याचे काय होईल? लोक आपल्याला काय म्हणतील? हा अपराधभाव आणि ही धास्ती आदेशाने जात नाही. उलट आदेश जितका कडक, तितकी लपवाछपवी वाढते.

सरकारला मनाई करता येते. मृतदेहाला हात लावू नका, पाचपेक्षा जास्त जमू नका, घरी नेऊ नका. पण हे केले नाही तरी तुम्ही चुकलात असे होत नाही, हे सांगण्याचा अधिकार सरकारपाशी नसतो. तो अधिकार ज्यांनी तो विधी सांगितला, शिकवला आणि जपला त्यांचाच. विधीतला गाभा कुठला आणि भोवतीची रीत कुठली, काय टळले तर चालेल आणि त्याऐवजी काय केले तर पुरेल, हे माणसाला ज्याचे शब्द पटतात त्यानेच सांगावे लागते. माझे म्हणणे एवढेच आहे की, साथीत चर्चचे खरे नैतिक काम या मोकळिकीचे आहे. ते त्याने केले तिथे माणसे वाचली. ते सोडून कुणाच्या पापाने साथ आली याचा हिशेब मांडला तिथे माणसे मेली आणि छळलीही गेली.

आलप्पुळाच्या बिशपांपाशी ही मोकळीक देण्याचा आधार होता. कॅथलिक चर्चने शतकानुशतके दहनाला विरोध केला, पण १९६३ मध्ये व्हॅटिकनने ती बंदी उठवली. १९८३ च्या धर्मविधानात दफनाची रीत पाळावी अशी कळकळीची शिफारस आहे. दहन मात्र निषिद्ध नाही, फक्त ते ख्रिस्ती शिकवणीला नाकारण्याच्या हेतूने केलेले नसावे. २०१६ मध्ये व्हॅटिकनने आणखी स्पष्ट केले की राख पवित्र जागी ठेवावी, विखरू नये, घरात वाटून घेऊ नये. म्हणजे नियम आधीपासून होता. मारारीकुळमच्या कोळ्याला तो ठाऊक नव्हता आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. बिशपांनी तो नियम त्याच्या गावच्या रेतीत आणून ठेवला. दहन सार्वजनिक स्मशानात न करता चर्चच्याच आवारात करायचे आणि राख पुन्हा कबरीत ठेवायची, हा तपशील म्हणूनच महत्त्वाचा आहे. शरीराचे काय करायचे ते बदलले, पण माणूस आपल्या माणसांत आणि आपल्या मातीत राहिला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. कोविडच्या मृतदेहापासून लागण झाल्याचा पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्चमध्येच म्हटले होते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही दफनाला मनाई नव्हती. मुंबई महापालिकेने ३० मार्चला सर्व धर्मांच्या कोविड मृतांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी मागे घेतले. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने वांद्र्याच्या दफनभूमीबाबतच्या याचिका फेटाळताना सन्मानाने अंत्यविधी होण्याचा हक्क अधोरेखित केला. मग धर्मप्रांताने गरज नसताना माघार घेतली का? मला तसे वाटत नाही. दहनाचे कारण विषाणू नव्हता, खड्ड्यातले पाणी होते. आणि शास्त्र काय म्हणते हे खरे असले तरी दफनाविना पडून राहिलेल्या देहाची विटंबनाही तितकीच खरी होती. बिशपांनी भीतीला मान्यता दिली नाही. भीतीमुळे आणि भूगोलामुळे जे अडले होते ते मोकळे केले.

सोकोमातला अंत्यविधी

या प्रश्नाची सर्वांत कठोर परीक्षा २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत झाली. इबोलाचा विषाणू मृत्यूनंतरही शरीरात राहतो आणि मरणाच्या वेळी त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. म्हणजे नुकतेच गेलेले माणूस सर्वांत जास्त संसर्गजन्य. आणि गिनी, सिएरा लिओन, लायबेरिया या तिन्ही देशांत नुकत्याच गेलेल्या माणसालाच सर्वांत जास्त हात लागतात. त्याला न्हाऊ घालायचे, केस विंचरायचे, कपडे चढवायचे, कवटाळून रडायचे. त्या वर्षी सिएरा लिओनच्या काइलाहुन जिल्ह्यातल्या सोकोमा गावात एक नामांकित स्त्री वैदू दगावली. सीमेपलीकडून आलेल्या इबोलाच्या रुग्णांवर ती उपचार करत असे. तिच्या अंत्यविधीला आसपासच्या गावांतून माणसे लोटली. त्या एका अंत्यविधीशी ३६५ पर्यंत मृत्यूंचा धागा जुळतो, असे तिथल्या शोधातून पुढे आले. गिनीत सुमारे ६० टक्के आणि सिएरा लिओनमध्ये ८० टक्क्यांपर्यंत लागण अंत्यविधींशी जोडलेली आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा त्या वर्षीचा अंदाज होता.

सरकारांनी पहिल्या महिन्यांत जे केले ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होते. पांढऱ्या पोशाखातले पथक गाडीतून यायचे, देहावर क्लोरीन फवारायचे, पिशवीत भरायचे आणि निघून जायचे. चेहरा पाहायला मिळत नसे. प्रार्थना होत नसे. कबर कुठे आहे हेही अनेकदा कळत नसे, कारण तिच्यावर नाव नसे. परिणाम असा झाला की लोक आजाऱ्याला लपवू लागले आणि मेलेल्याला रात्री गुपचूप पुरू लागले. पथकांवर हल्ले झाले. साथ आटोक्यात आणण्यासाठी आखलेला उपायच तिला आडोसा देऊ लागला.

लायबेरियात तर ऑगस्ट २०१४ मध्ये राजधानी मन्रोव्हियातल्या सर्व मृतांचे दहन करण्याचा आदेश निघाला. देशात दहनाची रीतच नव्हती. त्यासाठी वापरली गेली ती शहराबाहेर बॉइज टाउन इथली स्मशानभट्टी, तिथल्या भारतीय समाजाने आपल्या मृतांसाठी बांधलेली. आपल्याकडच्या माणसाला अग्निसंस्कारात शांती वाटते. मन्रोव्हियातल्या ख्रिस्ती बाईला आपल्या मुलाची राख इतर अनेकांच्या राखेत मिसळली, यात त्याचा दुसरा मृत्यू दिसत होता. फुले घेऊन जायला तिच्यापाशी कबर नव्हती. दहनाच्या धास्तीने लोक आजाऱ्यांना दवाखान्यात नेईनात. डिसेंबरअखेर सरकारने डिस्को हिल इथे दफनभूमीची जागा मिळवली आणि दहन थांबवले. आलप्पुळात जे दहन लोकांनी स्वीकारले तेच मन्रोव्हियात का नाकारले, याचे उत्तर इथे मिळते. एका ठिकाणी धर्मगुरूने ते अर्थासह दिले, राख कुठे जाईल हे आधी सांगितले. दुसऱ्या ठिकाणी ते आदेशाने आले आणि राखेला पत्ता नव्हता.

नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची नवी पद्धत जाहीर केली. ती तयार करताना मानववंशशास्त्रज्ञ सोबत होते, रेडक्रॉस होती, आणि जागतिक ख्रिस्तमंडळ परिषद, कारितास, वर्ल्ड व्हिजन, इस्लामिक रिलीफ या धर्माधारित संस्थाही होत्या. बारा पायऱ्यांची ही पद्धत वाचताना लक्षात येते की तिच्यात वैद्यकशास्त्राइतकेच शिष्टाचाराचे ज्ञान आहे. पथकाने संरक्षक पोशाख न घालता साध्या कपड्यांत घरी यायचे, आधी सांत्वन करायचे, कुटुंबातला बोलणारा कोण आणि धर्मगुरू कोण हे विचारायचे, देहासोबत काय ठेवायचे आहे ते ऐकून घ्यायचे. पोशाख घरच्यांसमोर चढवायचा, म्हणजे आत माणूसच आहे हे त्यांना दिसते. खड्डा घरच्यांनी खणला तरी चालेल. पाळकाने किंवा इमामाने अंतरावरून प्रार्थना म्हणायची. कबरीवर नाव लिहायचे. मुसलमान मृतासाठी पाण्याच्या स्नानाऐवजी कोरड्या शुद्धीची सोय इस्लामी शास्त्रात आहेच, ती वापरायची.

गावोगावी यातला सर्वांत कठीण भाग पाळकांनी आणि इमामांनी केला. सिएरा लिओनमध्ये बहुसंख्य लोक मुसलमान आहेत, त्यामुळे श्रेय एकट्या चर्चचे नाही. ते सामाईक आहे आणि सामाईक होते म्हणूनच चालले. वर्ल्ड व्हिजनने पाळक आणि इमामांना एकत्र बसवून प्रशिक्षण दिले. पाळकांनी लेवीय ग्रंथातले तेरावे प्रकरण उघडले, ज्यात संसर्गाचा संशय असलेल्याला सात दिवस वेगळे ठेवण्याची आज्ञा आहे. उपासनेत हस्तांदोलन थांबले, शांतीची खूण नमस्काराने किंवा छातीवर हात ठेवून होऊ लागली, दारात क्लोरीनच्या पाण्याची बादली आली. आईला न न्हाऊ घालणे हे तिच्यावरचे प्रेमच आहे, कारण तिला तुमचे मरण नको होते, असे वेदीवरून सांगितले गेल्यावर मुलाच्या मनावरचे ओझे उतरते. हे ओझे आरोग्यसेवकाला उतरवता येत नाही, कारण तो ओझे कशाचे आहे तेच ओळखत नाही.

आता पुराव्याचा प्रश्न. रेडक्रॉसच्या सुरक्षित दफनांमुळे किती लागण टळली याचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचे उत्तर १,४११ ते १०,४५२ अशा लांब पट्ट्यातले होते. एवढ्या रुंद पट्ट्यावरून कुठल्याही एका घटकाला श्रेय देणे धाडसाचे ठरेल. त्याच महिन्यांत खाटा वाढल्या, प्रयोगशाळा आल्या, संपर्क शोधणारी पथके तयार झाली. त्यामुळे चर्चने साथ थांबवली असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे त्याहून लहान आणि अधिक पक्के आहे. सुरक्षित दफनाची पद्धत ही घरच्यांच्या संमतीवर चालते, कारण फोन करून पथकाला बोलावणारे तेच. ती संमती धर्माच्या भाषेतून आली. आणि ती उशिरा आली, हेही नमूद करायला हवे. धर्मनेत्यांना सुरुवातीच्या महिन्यांत कुणी बोलावले नाही आणि त्यांच्यातल्या अनेकांनी स्वतःहूनही पाऊल उचलले नाही. या साथीत २८,६०० हून अधिक लोकांना लागण झाली आणि ११,३०० हून अधिक दगावले.

पापाचा हिशेब

उशिराचे एक कारण चर्चच्या आतच होते. जुलै-ऑगस्ट २०१४ च्या सुमारास लायबेरियातल्या शंभरावर ख्रिस्ती नेत्यांनी एकत्र येऊन जाहीर केले की देव लायबेरियावर कोपला आहे आणि इबोला ही त्याने धाडलेली पीडा आहे. कारणे म्हणून भ्रष्टाचाराचा आणि समलैंगिकतेचा उल्लेख झाला. तीन दिवस उपास आणि प्रार्थनेचे आवाहन केले गेले. घरात राहून प्रार्थना करा, असे त्यात होते, हा त्यातला समंजस भाग. पण पापाच्या यादीने जे केले ते पुसता आले नाही. देशातल्या समलिंगी माणसांना धमक्या आल्या, त्यांच्यावर हल्ले झाले. विषाणू मात्र त्या यादीबाहेरच्या हातांतून, आईला न्हाऊ घालणाऱ्या लेकींच्या हातांतून पसरत राहिला. त्याच मन्रोव्हियात कॅथलिक सेंट जोसेफ रुग्णालयाचे संचालक ब्रदर पॅट्रिक न्शामझे आणि फादर मिगेल पाहारेस हे रुग्णसेवा करताना लागण होऊन ऑगस्टमध्येच गेले. एकाच महिन्यातले, एकाच शहरातले आणि एकाच श्रद्धेतून आलेले हे दोन प्रतिसाद आहेत.

इथे गंभीर आक्षेप घेतला जातो. पापाविषयी बोलणे हेच तर चर्चचे काम. ते सोडले तर ते आरोग्य खात्याची शाखा होईल. या आक्षेपाचे वजन मी नाकारत नाही. भ्रष्टाचारामुळे लायबेरियाची रुग्णालये हातमोज्यांविना होती, हे खरेच होते आणि ते वेदीवरून म्हणायलाच हवे होते. पण कुणाचे पाप कोणत्या मार्गाने कुणाच्या मृत्यूपर्यंत पोहोचले हे दाखवून दिलेले बोलणे वेगळे आणि देव कोपला म्हणून दुबळ्याकडे बोट दाखवणे वेगळे. पहिल्यात बोलणाऱ्याला सत्तेशी झगडावे लागते. दुसऱ्यात त्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही.

एचआयव्हीच्या काळात हीच फूट दशकभर दिसली. अनेक देशांत चर्चची रुग्णालये आणि अनाथाश्रम एड्सच्या रुग्णांची मोठी सेवा करत होते, आणि त्याच वेळी वेदीवरून हा व्यभिचाराचा रोग म्हणून सांगितला जात होता. १९९२ मध्ये युगांडातले अँग्लिकन धर्मगुरू कॅनन गिडिअन ब्यामुगिशा यांनी आपल्याला लागण झाली आहे हे उघडपणे सांगितले. आफ्रिकेतल्या धर्मनेत्यांपैकी असे करणारे ते पहिले मानले जातात. पुढे २००३ मध्ये त्यांनी लागण झालेल्या धर्मनेत्यांचे जाळे उभे करण्यात पुढाकार घेतला. दक्षिण आफ्रिकेत रुस्टेनबर्गचे कॅथलिक बिशप केव्हिन डाउलिंग यांच्या धर्मप्रांतात प्लॅटिनमच्या खाणींभोवतीच्या झोपड्यांत बायका मरत होत्या. निरोधाचा वापर इथे जीवन रोखण्यासाठी नसून मृत्यू रोखण्यासाठी आहे, असा युक्तिवाद त्यांनी २००१ मध्ये मांडला. त्यांच्या देशातल्या बिशप परिषदेने निरोधाचा प्रचार नाकारला. तरी पतिपत्नींपैकी एकाला लागण असेल तर त्यांनी आपल्या सदसद्विवेकाला विचारावे, एवढी फट तिनेही ठेवली. मला ती फट अपुरी वाटते. पण ती मोकळिकीचीच होती, आणि ती मिळवायला एका बिशपाला आपल्याच भाऊबंदांत एकटे पडावे लागले.

बांधावरचे दगड

ही दृष्टी आजच्या आरोग्यविज्ञानाने चर्चवर लादलेली नाही. १५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला, विद्यापीठ दुसऱ्या गावी हलले आणि मार्टिन ल्यूथर तिथेच राहिला. ब्रेसलाउच्या पाळकांनी त्याला विचारले होते की ख्रिस्ती माणसाने साथीतून पळावे का. त्याच्या उत्तरात पाळकांनी आणि अधिकाऱ्यांनी जागा सोडू नये असे आहे, पण ज्यांच्यावर कुणी अवलंबून नाही त्यांनी जायला हरकत नाही असेही आहे. औषध घ्यावे, घर धुरी देऊन शुद्ध करावे, जिथे आपली गरज नाही तिथे जाऊ नये, आणि हे न करणारा देवाची परीक्षा पाहतो. पत्राच्या शेवटी तो अचानक दफनभूमीकडे वळतो. मृतांना गावाबाहेर पुरावे, याविषयी वैद्यांना विचारावे, आणि शिवाय गजबजाटातल्या स्मशानापेक्षा ती जागा शांत आणि पवित्र राहील, असे तो सुचवतो. चर्चच्या भिंतीशेजारी पुरले जाण्याचे मोल त्या काळी फार मोठे होते. ते सोडण्याचे कारण त्याने आरोग्याचेही दिले आणि भक्तीचेही.

इंग्लंडमधल्या डर्बिशायरचे इयम गाव १६६५-६६ च्या प्लेगसाठी प्रसिद्ध आहे. तरुण रेक्टर विल्यम मॉम्पेसन गावात नवा होता आणि लोक त्याला फारसे मानत नव्हते. लोक मानत होते ते थॉमस स्टॅन्लीला, ज्याला धर्ममतभेदामुळे पदावरून काढले होते. दोघे एकत्र आले म्हणून तीन निर्णय टिकले. चर्चऐवजी कक्लेट डेल्फच्या उघड्या दरीत अंतराअंतराने उभे राहून उपासना करायची, गावाच्या सीमेबाहेर जायचे नाही, आणि मृतांना चर्चच्या अंगणात न आणता ज्याने त्याने आपल्या शेतात, परसात पुरायचे. सीमेवरच्या दगडाच्या खाचांत व्हिनेगर घालून त्यात नाणी ठेवायची आणि बाहेरच्यांनी तिथे धान्य ठेवून जायचे. रायली नावाच्या शेतावर एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले स्वतः पुरली. ती दफनाची जागा आजही तिथे आहे.

इयमची गोष्ट नंतरच्या काळात रंगवून सांगितली गेली, हे इतिहासकारांनी दाखवले आहे. गावाच्या आत राहिल्याने मृत्यू वाढलेही असतील. मॉम्पेसनने आपली मुले आधीच बाहेर पाठवली होती आणि त्याची पत्नी कॅथरिन हिची कबर चर्चच्याच अंगणात आहे. हे सगळे लक्षात घेऊनही एक गोष्ट उरते. हॅनकॉकबाईला आपली माणसे अभिषेकित भूमीबाहेर पुरताना ती नरकात जातील अशी धास्ती वाटू नये, अशी व्यवस्था दोन परस्परविरोधी मतांच्या धर्मगुरूंनी मिळून केली. याउलट १६३० मध्ये मिलानमध्ये नगरपालांच्या आग्रहापुढे नमून कार्डिनल फेडेरिको बोर्रोमेओ यांनी संत चार्ल्सच्या अवशेषांची मिरवणूक ११ जूनला काढू दिली. गर्दी रस्त्यारस्त्यांतून फिरली आणि त्यानंतर मृत्यू झपाट्याने वाढले. ज्या संतासाठी ती मिरवणूक होती त्याने १५७६ च्या प्लेगमध्ये घरांत कोंडलेल्या लोकांना खिडकीतून मिस्सा दिसावी म्हणून चौकाचौकांत वेद्या उभारल्या होत्या.

आपल्याकडचे क्रूस

चौकातल्या त्या वेद्यांचे दूरचे नातलग मुंबईत सापडतात. वांद्र्याच्या गल्ल्या, गिरगावातली खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी इथल्या अनेक क्रुसांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आणि विसाव्याच्या सुरुवातीची वर्षे कोरलेली आहेत. हे प्लेगचे क्रूस. नवस आणि कृतज्ञता म्हणून ईस्ट इंडियन आणि गोवेकर कुटुंबांनी ते उभारले आणि वाडीतली माणसे तिथेच जमून रोझरी म्हणत. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत ही साथ गाठीच्या प्लेगची आहे हे ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस हेही गोव्यातले कॅथलिक. क्रुसाने प्लेग अडवला असे मी मानत नाही. पण भक्तीची जागा वाडीत आणल्याने भक्तीसाठी गर्दीत जाण्याची सक्ती उरत नाही, हा त्याचा व्यावहारिक अर्थ आहे.

त्याच साथीत आपल्याकडच्या एका ख्रिस्ती स्त्रीने दुसरी बाजू सांभाळली. १८९७ मध्ये पुण्यात सैनिक घरात घुसून तपासणी करत होते, माणसांना छावण्यांत नेत होते. मृतदेह तपासल्याशिवाय अंत्यविधी करू न देण्यावरून मुंबईतही तणाव होता. त्या मे महिन्यात पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून पुण्यातल्या प्लेग व्यवस्थेत स्त्रियांची काय दैना होते, त्यांच्या आश्रमातल्या एका मुलीचे काय झाले, ते जाहीरपणे मांडले. प्रश्न लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेला. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. रमाबाईंचे आश्रम परदेशी ख्रिस्ती देणग्यांवर चालत होते आणि राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, तरी त्या गप्प बसल्या नाहीत.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतले, कारण मोकळिकीच्या कल्पनेवर घेता येणारा सर्वांत अवघड आक्षेप त्यातून सुटतो. चर्चने सरकारच्या सोयीप्रमाणे विधी ढिले केले तर ते सरकारचे हत्यार नाही का बनत? बनू शकते. म्हणून ज्याला मोकळीक देण्याचा अधिकार आहे त्याच्यावर हेही बंधन येते की काय सोडता येणार नाही तेही त्याने सांगावे. इबोलात कबरीवर नाव, चेहऱ्याचे दर्शन आणि अंतरावरून प्रार्थना या गोष्टी धर्मनेत्यांनी आणि कुटुंबांनी धरून ठेवल्या म्हणून पद्धत सुधारली. २०२० मध्ये इटलीत अंत्यविधीच बंद झाले, बेर्गामोहून लष्करी ट्रकांतून शवपेट्या दूरच्या दाहिन्यांकडे गेल्या. २० मार्चला व्हॅटिकनने कबुलीसंस्कार शक्य नसेल तर मनापासूनच्या पश्चात्तापाने क्षमा मिळते हे पुन्हा सांगितले आणि रुग्णांसाठी, त्यांची सेवा करणाऱ्यांसाठी विशेष दंडमाफी जाहीर केली. अतिदक्षता विभागात एकट्याने मरणाऱ्याच्या घरच्यांना याचा आधार होता. त्याच चर्चच्या इटलीतल्या बिशपांनी एप्रिलमध्ये उपासनाबंदी लांबल्यावर तिथल्या सरकारकडे जाहीर तक्रारही केली. ४ मेपासून पंधरा माणसांपर्यंत अंत्यविधीला परवानगी मिळाली.

आलप्पुळाचा निर्णय याच कसोटीवर तोलायला हवा. दहन मान्य करताना जागा, राख आणि कबर सोडली नाही, हे त्याचे बळ. पण घरच्यांनी शेवटचे तोंड पाहण्याचा प्रश्न त्यातून सुटला नाही. रुग्णालयातून देह थेट दफनभूमीत आला आणि विलगीकरणातल्या घरच्यांना तो दिसलाच नाही. केरळ सरकारने कोविड मृतदेह घरी नेऊन तासाभराच्या आत दर्शन आणि मोजके विधी करू देण्याचा निर्णय घेतला तो २०२१ च्या मध्यावर, म्हणजे जवळजवळ वर्षानंतर. तोवर राज्यात हजारो माणसे निरोपाविना गेली होती. हा तास कोविडच्या पहिल्या पावसाळ्यातच मागता आला असता. देहापासून लागणीचा पुरावा नाही हे तेव्हाही माहीत होते, आणि ते मागणाऱ्याचे सरकारनेही ऐकले असते, कारण तो मागणारा आपल्या दफनभूमीत चिता पेटू देणारा होता.